आधीच्या घरातला

९ फेब्रुवारी

वरती काय लिहावं हे ठरेना म्हणून जागा मोकळी सोडली आहे. वडिलांना 'तीर्थरूप' लिहायचं असं शाळेत शिकवलं होतं. मी नववीपर्यंतच गेलो, पण तेवढं शिकवून झालं होतं. तसं लिहून पाहिलं आणि तो कागद फाडला. तीर्थाला निदान बस तरी जाते.

मी कोण ते तुम्हाला कळलेलं आहे. तरी रीतसर सांगतो, कारण अर्धवट सांगितलेल्या गोष्टींचा मला त्रास होतो. मे महिन्यात चार दिवसांसाठी तुम्ही ज्या हॉटेलात दोन खोल्या ठरवल्या आहेत, तिथे बुकिंग रद्द करणं आणि पैसे परत पाठवणं हे काम माझ्याकडे आहे. आधी मी तिथल्याच धुलाईत चादरी मोजायचो. मॅनेजर बाईंना माझं अक्षर आवडलं, म्हणून टेबल मिळालं.

तुम्ही ऑक्टोबरातच बुकिंग केलंत. लवकर करणाऱ्याला आमच्याकडे पाचवा हिस्सा सूट असते. नाव वाचलं तेव्हा वाटलं, दुसरा कोणी असेल, त्या नावाची माणसं गल्लोगल्ली असतात. मग जन्मतारीख पाहिली. माणसं चार: दोन मोठी, दोन लहान. मुली, नऊ वर्षांची आणि सहा वर्षांची.

मी कोणाला काही बोललो नाही. रोज सकाळी संगणक उघडला की आधी तुमचं बुकिंग बघायचो, जागेवर आहे ना म्हणून. दूध तापत ठेवलेला माणूस बघतो तसं. जानेवारीत सगळ्या लवकर बुकिंगवाल्यांना खोल्या पक्क्या झाल्याचा मेल जातो. तो मीच पाठवतो. इतरांच्या मेलखाली नुसतं आडनाव लिहितो, तुमच्या मेलखाली पूर्ण नाव लिहिलं. माझ्या नावाच्या आणि आडनावाच्या मधे कोण बसलं आहे ते दिसावं म्हणून. दिसलं. आठवड्याच्या आत तुमचं उत्तर आलं: 'वैयक्तिक कारणास्तव बुकिंग रद्द करून संपूर्ण रक्कम परत करावी.'

ते वैयक्तिक कारण म्हणजे मी.

आता नियम सांगतो. फेब्रुवारी संपायच्या आत रद्द केलं तर सगळे पैसे परत. मार्चमध्ये निम्मे. एप्रिलपासून काहीच नाही. तुमचा मेल मुदतीत आला आहे, हे मी नाकारत नाही. पण आमच्या टेबलावरून बटण दाबून पावती गेल्याशिवाय बुकिंग रद्द होत नाही, आणि ते बटण मी अजून दाबलेलं नाही. राहून गेलं असं समजू नका. राहून जाणं, विसरणं हे आमच्या घरात मला आणि आईला कधी जमलं नाही.

मला तुमच्याकडून काही नको. मेल मागे घ्या आणि या. काउंटरवर उभे राहा. मी ओळखपत्र मागेन, तुम्ही द्याल, मी किल्ली देईन. तुम्ही गेल्यापासून मी मनात याहून बरंच मोठं ठरवत आलो होतो, भांडण वगैरे, चार लोकांसमोर. त्यातलं आता काही उरलेलं नाही. तुम्ही 'मोठा झालास' म्हणालात तर चालेल, नाही म्हणालात तरी चालेल. फक्त माझ्याकडे बघा.

नाही आलात तर पैसे मिळणार नाहीत, असं मी म्हणत नाही. पण मिळतील असंही अजून कुठे म्हटलेलं नाही.

(ही पक्की प्रत आहे. कच्ची माझ्याकडे आहे.)


१८ फेब्रुवारी

लांबच्या नातेवाइकास,

आज दुपारी तुमचा फोन आला होता. तो कोणी घेतला ते तुम्हाला माहीत नाही. मी घेतला.

तुम्ही म्हणालात, "रिझर्वेशन का? साहेब, बुकिंग रद्द करायचा मेल टाकलाय कधीचा, कोणी दाद देत नाही."

तुमचा आवाज मी 'साहेब'च्या आधीच ओळखला होता. तुम्ही माझा ओळखला नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझा आवाज फुटायचा होता. मी नाव विचारलं, तुम्ही सांगितलंत. मग तुम्ही आवाज खाली आणलात.

"साहेब, एक विनंती होती. तुमच्याकडे एक मुलगा आहे कामाला." माझं नाव सांगितलंत, फक्त पहिलं. "त्याच्या हातात हे प्रकरण देऊ नका."

"का हो? काही गैर वागला का?"

"गैर म्हणजे काय, घरच्या पत्त्यावर पत्र धाडलंय त्याने. बायकोच्या हाती पडलं असतं म्हणजे? नशीब, मी दारातच होतो."

"तुमच्या ओळखीतला आहे का तो?"

तुम्ही खोकलात. पूर्वी भाडं मागायला घरमालक यायचा तेव्हा तुम्ही असेच खोकायचात.

"लांबचा नातेवाईक आहे. लोचट माणसं आहेत, साहेब. बोट दिलं की हात धरतात."

"किती लांबचा?" हे मी विचारायला नको होतं. हॉटेलच्या कामात ते बसत नाही.

"आता तुम्हाला काय सांगू... आमच्या आधीच्या घरातला."

आधीच्या घरातला. आधीच्या घरातला पंखा असतो, आधीच्या घरातली मोरी असते. भिंतीत ठोकलेला खिळा तसाच ठेवून माणसं घर सोडतात, तो आधीच्या घरातला.

मी फोन कानाला धरूनच बटण दाबलं. म्हणालो, "झालं, सर. बुकिंग रद्द झालं. पूर्ण रक्कम दहा दिवसांत त्याच खात्यात येईल."

"झालं? इतक्यात?"

"हो. एवढंच असतं."

"फार उपकार झाले. तुमच्यासारखी चांगली माणसं आहेत म्हणून जग चाललंय, साहेब."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत तोंडात धरून आणलं आणि इथे लिहून थुंकून टाकलं.

कोणतं बोट हो दिलंत तुम्ही? मला आठवतं ते एकच. तुमच्या कामावरच्या यंत्रशाळेच्या फाटकाशी तुम्ही मला रस्ता ओलांडून दिलात आणि म्हणालात, इथून पुढचं तुला माहीत आहे. मी तिथून एकटा घरी आलो. तुम्ही आला नाहीत. इथून पुढचं मला माहीत नव्हतं.

पाहुण्याचा पत्ता खासगी कामासाठी वापरला, हे मी स्वतःच आज मॅनेजर बाईंना सांगितलं. नाहीतर मला जेवण गेलं नसतं. बाई खूप बोलल्या. "पाहुण्याने तक्रार केली तर तुला मी ठेवू शकणार नाही, कळतंय का? कोण आहे हा माणूस?"

"लांबचे नातेवाईक," मी म्हणालो. तुमचाच शब्द होता, म्हटलं वापरून बघावा. तोंडात नीट बसत नाही.

पुन्हा पत्र गेलं तर नोकरीवरून घरी बसवीन, असं बाईंनी बजावलं आहे. तरी हे मी पोस्टात टाकणार. तुम्ही तक्रार करू शकता. पण तक्रारीत आधी लिहावं लागेल की हा मुलगा आपला कोण लागतो.


६ मार्च

तुमचे पैसे पोचल्याची नोंद आली, म्हणजे आपला व्यवहार संपला. तुमच्या दोन खोल्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. एक दातांचे डॉक्टर येत आहेत, सासू-सासऱ्यांना घेऊन. तुम्हाला जो दर मिळाला होता त्याच्या पावणेदोनपट दराने. लवकर केलेल्या बुकिंगचं असंच असतं. सोडलं की ते दुसऱ्याचं होतं आणि महाग होतं.

हे पत्र लिहायचं कारण नव्हतं. पण मागच्या पत्राची कच्ची प्रत आईला सापडली. ती लोकांचे कपडे इस्त्री करते आणि मी कागद इस्त्रीच्या टेबलाच्या कापडाखाली ठेवतो, तेव्हा चूक माझीच. तिने सगळं वाचलं. मग शर्टाची कॉलर संपवली आणि बोलली.

"मला म्हणाला होतास, कामाचं लिहितोय."

"कामाचंच आहे."

"कामाचं लिहिताना नाक ओढत नाहीत."

तिने कागदाची घडी घातली.

"पोस्टाची तिकिटं काय झाडाला लागतात? अरे, त्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट वेळेवर केली, निघून जाणं. ती सुद्धा भाडं द्यायच्या आदल्या दिवशी."

"मला फक्त त्यांनी बघायला हवं होतं, आई."

"बघून काय होणार होतं?"

 तिने पुढचा शर्ट घेतला. त्याची कॉलर सपाट करत म्हणाली, "लिहायचंच असेल तर लिही, आम्ही मजेत आहोत. आणि 'मजेत' नीट काढ."

आम्ही मजेत आहोत.


२० एप्रिल

पुन्हा पाहुणे झालेल्या गृहस्थांस,

या वेळी तुम्ही थेट मॅनेजर बाईंना गाठलंत. हे पत्र मी त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, तेव्हा तक्रारीचा मार्ग तुम्हाला उरलेला नाही.

बाई माझ्या टेबलाशी आल्या. हसत होत्या, हे त्यांच्या बाबतीत क्वचित घडतं.

"अरे, वडील येतायत आणि तू बोललाही नाहीस!"

"कोणाचे?"

"तुझेच. फोन होता त्यांचा. 'आमचा मुलगा तुमच्याकडेच आहे, रिझर्वेशन तोच सांभाळतो, फार हुशार आहे' म्हणाले. मुलींना तळं दाखवायचं कबूल केलंय म्हणे, आणि आता कुठेच खोली मिळत नाही. घरचे लोक म्हणून काही जमवा म्हणाले."

 बाईंनी जुनं बुकिंग उघडून नाव पाहिलं. त्यांचं हसू गेलं.

"हे तेच ना? लांबचे नातेवाईक?"

"हो."

"मग आता जवळचे कसे झाले?"

"सीझन आला, बाई."

बाई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. मी त्यांना सगळं सांगितलं, थोडक्यात. त्या म्हणाल्या, "नाही म्हणून कळवते. माझ्याकडे खोली नाही, आणि असती तरी दिली नसती." मी एक दिवस मागून घेतला.

आमच्याकडे प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा घरच्यांसाठी तीन रात्री मिळतात. चौथ्या हिश्श्याच्या दरात. खोल्या मागच्या बाजूच्या, गाड्या लागतात तिकडच्या, पण स्वच्छ. त्या विकायला काढत नाहीत, म्हणून सीझनमध्येही असतात. माझ्या तीन रात्री आईसाठी ठेवल्या होत्या. तिला विचारलं तर म्हणाली, "मला तिथे झोप लागायची नाही. चादरीला चुणी दिसली तर मी रात्रभर इस्त्री शोधत फिरेन. दे त्याला. बघू तरी, पोराला पोर म्हणतो का."

म्हणून दिल्या. बारा मेपासून तीन रात्री, दोन खोल्या, मधे दार.

अट एकच आहे, आणि ती मी केलेली नाही, सगळ्या कर्मचाऱ्यांना आहे. या दरात आई-वडील, नवरा-बायको, मुलं आणि भावंडं एवढ्यांनाच राहता येतं. कर्मचाऱ्याने स्वतः काउंटरवर उभं राहून त्यांना घ्यायचं आणि पाहुण्याने नातं सांगायचं. पूर्वी लोक कोणालाही मावसभाऊ करून आणायचे, म्हणून हा नियम झाला. बाई शेजारी असतील. तुम्ही म्हणायचं, 'हा माझा मुलगा.' पुटपुटून चालणार नाही. त्या एका कानाने कमी ऐकतात.

तुमच्या मुलीही ऐकतील. त्यांना घरीच सांगून आणायचं की तिथे कळू द्यायचं, हे तुम्ही बघा. आणि दर पाहून ठेवा. मला मुलगा म्हणण्याचे इतके पैसे वाचतील असं मलाही वाटलं नव्हतं.


१५ मे

हे पोस्टाने पाठवत नाही. हॉटेलच्या मेलवरून पाठवतो आहे, कारण लगेच पोचायला हवं.

बाराला दुपारी मी शर्ट बदलून काउंटरवर उभा होतो. आईने तो सकाळी दोनदा इस्त्री केला होता. बसमधून एक बाई उतरल्या, दोन मुली, दोन बॅगा. मी दारापर्यंत बघत राहिलो. मागे अजून एक माणूस उतरला, पण तो चालक होता.

त्या काउंटरशी आल्या. तुमचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "ते येणार नाहीत. बसमध्ये बॅगा चढवेपर्यंत येणार होते. मग पोटात दुखायला लागलं."

तुमचं पोट आईलाही माहीत आहे.

मॅनेजर बाई शेजारीच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कागदाकडे बघितलं. "वडील आलेले नाहीत. मग हा दर मला लावता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"पूर्ण दर काय पडेल?" तुमच्या बायकोने पर्स उघडली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. धाकटी मुलगी काउंटरच्या कडेला हनुवटी टेकवायचा प्रयत्न करत होती. पोचत नव्हती. तिने टाचा उंच केल्या.

मला नियम पाठ आहे. आई-वडील, नवरा-बायको, मुलं, भावंडं.

"भावंडं आली आहेत," मी म्हणालो.

बाईंनी आपला बरा कान पुढे केला. "काय?"

"या दोघी माझ्या बहिणी आहेत."

 मग बाईंनी पेनाने तुमच्या बायकोकडे दाखवलं. "आणि या?"

"धाकटी सहा वर्षांची आहे, बाई. बरोबर मोठं माणूस लागतंच."

बाईंनी सही केली. धाकटीने थोरलीला विचारलं, "हा कोण गं?" थोरली म्हणाली, "आत्ता सांगितलं ना त्याने, बहिरी आहेस का?" मग बाईंच्या कानाकडे बघून जीभ चावली.

मी बॅगा वर नेल्या. तुमची बायको दारात थांबली. तिला तुमचं आधीचं लग्न माहीत होतं, मीही माहीत होतो. पण तुम्ही तिला सांगितलं होतं की मीच तुम्हाला भेटायला नकार दिला. "हाताबाहेर गेलाय म्हणाले होते. उलट उत्तरं देतो म्हणाले होते."

"उत्तरं देतो," मी म्हणालो. "पण आधी कोणीतरी काही विचारावं लागतं."

ती हसली नाही. तिने सांगितलं की मागचं पत्र तिनेच घेतलं, पोस्टमन आला तेव्हा तुम्ही आंघोळीत होता. ते तिने तुमच्यासमोर मोठ्याने वाचलं, आणि तुम्ही म्हणालात, बरं, येतो. "मला वाटलं होतं खरंच येतील," ती म्हणाली. मी म्हणालो, मलाही. तेवढं एकच वाक्य आम्ही दोघं एकाच आवाजात बोललो असू.

पुढच्या तीन दिवसांचं तुम्हाला सांगायला मी बांधील नाही. तळ्यावर नावा आहेत. थोरलीला पाण्याची भीती आहे, तुम्हाला ते माहीत आहे का, मला माहीत नाही. धाकटी मला दादा म्हणते, तिला कोणी शिकवलं नव्हतं. काल आई कपडे द्यायला आली होती. तुमच्या बायकोला म्हणाली, "पोटाला ओवा देत जा. फरक पडत नाही, पण तोंड बंद राहतं." त्या दोघी बराच वेळ पायरीवर बसल्या होत्या. काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही, आणि विचारूनही दोघींपैकी कोणी सांगितलं नाही.

त्या आज सकाळी निघणार होत्या. खोल्या रिकाम्या करायच्या वेळेला तुमची बायको काउंटरवर आली.

"आणखी एक रात्र वाढवता येईल?"

"माझ्या रात्री संपल्या. आता पूर्ण दर पडेल."

"पडू दे. त्यांच्याच खात्यातून जाईल."

"त्यांना कळवता ना? वाट बघतील."

"तूच कळव. माझा फोन मी बंद करून बॅगेत तळाला ठेवलाय." आणि जाता जाता म्हणाली, "एकच रात्र असेल असं लिहू नकोस."

म्हणून कळवतो. आपल्या कुटुंबाचा मुक्काम वाढला आहे. किती, ते ठरलेलं नाही. रोज सकाळी ठरेल. त्या परत कधी निघतील हे हॉटेल मेलवर कळवत नाही. चौकशी करायची असेल तर काउंटरवर फोन करावा लागतो. सकाळी सात ते रात्री आठ फोन मीच घेतो.

मी आधी विचारतो, कोण बोलतंय. नुसतं नाव सांगून चालत नाही. इथे राहणाऱ्यांचे आपण कोण लागता तेही सांगावं लागतं, आणि फोन घेणाऱ्याचे कोण लागता तेही.